उणे बहात्तर

अध्यक्षांची अर्धी मिशी जळाली, त्या दिवसापासून गावात वायू सापडला असे मानायचे ठरले.

जळाली ती उजवी. ओहोटीला खाडीवरच्या धक्क्याच्या टोकाशी चिखलातून बुडबुडे येतात हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होते. पण त्यांच्यावर वाकून काडी ओढण्याचे धाडस कुत्र्यांनीसुद्धा केले नव्हते. ते नगरपालिकेच्या अध्यक्षांनी केले. भप्पकन निळी ज्योत उठली, अध्यक्ष मागच्या मागे चिखलात बसले, आणि उठले ते घोषणा करतच. "साठा! आपल्या गावाखाली वायूचा साठा आहे!" उरलेली डावी मिशी त्यांनी काढू दिली नाही. पुरावा नष्ट करायचा नसतो, असे त्यांचे म्हणणे पडले.

चार दिवसांत खोदकाम कंपनीला पत्र गेले आणि उत्तरही आले. पुढच्या गुरुवारी कंपनीचा अभियंता जागा पाहायला येणार होता. पसंत पडली तर बुडबुड्यांच्या जागी चार लोखंडी पायांचा फलाट उभा राहणार होता.

आता गंमत अशी की बुडबुड्यांच्या त्या जागेवर आधीच एका बाईंचा जीव जडला होता, आणि त्या बाई होत्या अध्यक्षांच्या सख्ख्या वहिनी.

गाव त्यांना चिखलबाई म्हणे. समोर नव्हे, पण त्यांना ऐकू जाईल इतपत अंतरावरून. सागरी संशोधन केंद्राच्या गाळ विभागाच्या त्या प्रमुख होत्या; प्रमुखही त्याच, विभागही त्याच. गेली अकरा वर्षे दर महिन्याला, ओहोटी धरून, त्या होडीतून त्याच एका जागी जात, पुरुषभर उंचीची प्लास्टिकची नळी चिखलात सरळ दाबत, वर ओढत, आणि आतल्या चिखलाच्या दोन-दोन बोटांच्या चकत्या कापून बरण्यांत भरत. समुद्रतळाचा गाळ वर्षानुवर्षे थरावर थर बसत जातो. जागा तीच ठेवली तर त्याच्या पोटात महिन्यामहिन्याला काय चालले आहे ते कळते. एकदा का तिथे खोदकामाचे पाते फिरले की सगळा गोपाळकाला, आणि अकरा वर्षांच्या बरण्या म्हणजे नसलेल्या जागेच्या नोंदी.

"वहिनी, तुमच्या त्या यंत्रात घालून एकदा सांगून टाका," अध्यक्ष रविवारी सकाळी भावाच्या घरी येऊन म्हणाले. भाऊ दंतवैद्य होता. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावायचे असल्यामुळे घरी तो स्वतःचे उघडत नसे. "किती चांगला वायू आहे, एवढंच सांगा."

"चांगला-वाईट नाही सांगत ते यंत्र, भाऊजी. कुठून आला ते सांगतं."

"कुठून म्हणजे? खालून! माझ्या डोळ्यांदेखत आला."

"तुझ्या मिशीदेखत म्हण," खिडकीतल्या खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या. अध्यक्ष त्यांचा धाकटा. ब्याऐंशी वर्षांच्या वयात त्यांना दोनच गोष्टी नीट दिसत: सुईचे भोक आणि धाकट्याचे चुकलेले.

चिखलबाईंनी कप बाजूला ठेवला. "खालून दोन ठिकाणांहून येऊ शकतो. एक फार खोलवरून. तिथे गाडलं गेलेलं जुनंपुराणं लाखो वर्षं उष्णतेवर शिजतं, त्याचा वायू होतो. तो असला तर तुमचा साठा असू शकेल. दुसरा हा इथून, हात-दोन हात चिखलातून. तिथे जिवाणू असतात. कुजकं खातात आणि मिथेन सोडतात."

"आणि तो असला तर?"

"तर तुमच्या मिशीपुरता."

"पण ओळखायचं कसं? वायूवर काही लिहिलेलं नसतं."

"असतं ना. कार्बनमध्ये असतं. कार्बन दोन जातीचा: एक हलका, एक किंचित जड. हलका पुष्कळ, जड थोडा. जिवाणू पडले आळशी. उचलायला सोपा म्हणून ते हलकाच कार्बन उचलत बसतात. उष्णतेला एवढी आवडनिवड नसते. म्हणून वायूत हलका फारच जास्त निघाला, तर समजायचं हे जिवाणूंचं काम."

"आमच्या बांधकाम खात्यातही असंच आहे," अध्यक्ष समजूतदारपणे म्हणाले. "जड फाइल कोणी उचलत नाही." मग त्यांनी छातीवर हात ठेवला. "ठरलं. तुमच्या यंत्रातून जो आकडा येईल तो गुरुवारी धक्क्यावरच्या फलकावर लागेल, हातभर अक्षरात. अभियंत्यानं वाचावं आणि ठरवावं. खोलवरचा निघाला तर तुम्ही जागा सोडायची. चिखलातला निघाला तर मी फलाट सोडला. शब्द दिला."

"आई साक्षीला आहे," दंतवैद्य म्हणाला. त्या रविवारचे त्याचे हे पहिले वाक्य.

चिखलबाईंनी हो म्हटले खरे, पण एक अडचण होती. अकरा वर्षे त्यांनी चिखल मोजला होता, बुडबुडे कधी मोजले नव्हते. बुडबुडे म्हणजे त्यांच्या लेखी नळीतले थर विस्कटणारा उपद्रव. ते कुठून येतात याचा त्यांना अंदाज होता. पण अंदाज म्हणजे काय, तो अध्यक्षांनाही होता.

सोमवारी त्यांनी उलटे नरसाळे पाण्याखाली धरून, त्याच्या टोकाला बाटली लावून, बुडबुडे पकडले. होडीवाला म्हणाला, "बाई, आजवर चिखल नेत होतात, ते समजत होतं. आता हवा नेताय." मंगळवारी बाटलीतला वायू यंत्रात गेला. यंत्राची खोली माशांच्या विभागाला लागून होती. तिथे कायम थंडी असे आणि कायम वास. यंत्र तासभर घुं-घुं करत बसले आणि मग त्याने पडद्यावर एक आकडा टाकला. चिखलबाईंनी दुसरी बाटली घातली. मग तिसरी. तिन्ही आकडे एकमेकांना अगदी चिकटून होते.

उणे बहात्तर.

त्यांनी जागच्या जागी एक उडी मारली. उडी लहान होती, पण बाई चांगल्या अंगापिंडाच्या असल्यामुळे पलीकडच्या खोलीत फळीवरच्या माशांच्या दोन बरण्या हलल्या. मत्स्य विभागाचे प्रमुख दारात येऊन उभे राहिले. "काय झालं?"

"जिवाणू!" चिखलबाई आनंदाने म्हणाल्या.

"हात धुऊन घ्या," ते म्हणाले आणि गेले.

*

बुधवारी त्या अहवाल घेऊन नगरपालिकेत गेल्या. अध्यक्षांच्या खोलीत अध्यक्ष होते, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी शुद्धलेखन बसले होते. शुद्धलेखन हे माणसाचे नाव नव्हे हे गावात आता फारसे कोणाला आठवत नसे. तीस वर्षे शाळेत व्याकरण शिकवून ते निवृत्त झाले आणि पालिकेने त्यांना फलक, सूचना आणि भाषणे तपासायला ठेवून घेतले. त्यांच्या कारकिर्दीत गावात एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकला नव्हता. बाकीचे काय काय चुकले ते त्यांच्या खात्यात येत नव्हते.

"आला आकडा?" अध्यक्ष उभे राहिले.

"आला. उणे बहात्तर."

अध्यक्ष खाली बसले. "उणे?"

"उणे."

"कशात उणे?"

"जड कार्बनमध्ये. दर हजारी बहात्तर उणा."

"कोणापेक्षा?"

"एका दगडापेक्षा. सगळ्या जगानं मिळून ठरवलेला एक मापाचा दगड असतो, त्याच्याशी..."

"दगडापेक्षा!" अध्यक्षांचा आवाज फाटला. "वहिनी, मी समजतो, फलाटाचा तुम्हाला राग आहे. पण म्हणून गावाचं उणंदुणं काढायचं? तेही दगडाशी तुलना करून?"

"अहो भाऊजी, जगातला सगळाच मिथेन उणा असतो. खोलवरचा साधारण उणे चाळीस, आपला उणे बहात्तर. आपल्यात हलका कार्बन फार आहे, एवढाच अर्थ."

"हलका," अध्यक्षांनी तो शब्द तोंडात घोळवला आणि तो कडू लागला. "म्हणजे उद्या मी गावाला सांगायचं, बंधूंनो आणि भगिनींनो, आपला कार्बन हलका आहे. जरा वजनदार काही मिळालं नाही का? घरच्या घरी शून्यापर्यंत तरी आणा."

"तो आकडा आहे, भाऊजी. वांधा नाही, की बसून मिटवता येईल."

 शेवटी अध्यक्ष एखादा विषारी घोट गिळावा तसे म्हणाले, "शब्द दिलाय. लागेल फलकावर." आणि अहवाल शुद्धलेखनांच्या टेबलावर सरकवला. "तुम्ही भाषा तेवढी बघा."

चिखलबाई समाधानाने घरी आल्या. भाषा तेवढी बघा, या वाक्यात धोका असतो हे शास्त्र शिकताना कोणी सांगत नाही.

*

गुरुवारी सकाळी धक्क्यावर कापडी छत घातले होते. खुर्च्या मांडल्या होत्या, ध्वनिवर्धक खरखरत होता, पहिल्या रांगेत सासूबाई होत्या आणि त्यांच्या शेजारी दंतवैद्य तोंड मिटून बसला होता. समोर नवा कोरा फलक.

आपल्या खाडीतील वजनदार वायू: ७२ दर हजारी.

चिखलबाईंच्या पायाखालचा धक्का सरकला. फलकाखाली शुद्धलेखन हातात ब्रश घेऊन अनुस्वारांवरून शेवटची नजर फिरवत होते.

"गुरुजी, उणे कुठे गेलं?"

"कोणतं?"

"बहात्तरच्या आधीचं! ती आडवी रेघ!"

"अच्छा, ते संयोगचिन्ह," शुद्धलेखन प्रेमाने म्हणाले. "बाई, चूक सगळ्यांकडून होते. संयोगचिन्ह दोन पदांना जोडतं. उजवीकडे बहात्तर आहे, पण डावीकडे पदच नाही. मग जोडणार कोणाला? काढून टाकलं."

"ते संयोगचिन्ह नव्हतं हो, वजाबाकीचं चिन्ह होतं!"

"मग तसं अक्षरात लिहायचं. चिन्हांवर विसंबून राहिलं की भाषा सैल पडते."

"आणि हे वजनदार?"

"तो विषय व्याकरणाचा नाही. ते अध्यक्षांनी सांगितलं. मी फक्त व आणि ज नीट काढले."

"द्या तो ब्रश!" चिखलबाईंनी ब्रशाचे मागचे टोक धरले. शुद्धलेखनांनी पुढचे सोडले नाही. तीस वर्षे खडू धरलेला हात, सहजासहजी सुटणारा नव्हता. ही ओढाताण चालू असतानाच गाडी आली आणि हातात हेल्मेट घेतलेला अभियंता उतरला.

त्याने फलक वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

"अधिक बहात्तर?" तो म्हणाला. "मिथेनचा? हा आकडा खरा असेल, तर हा वायू या पृथ्वीवरचा नाही."

अध्यक्षांनी ध्वनिवर्धक ओढून घेतला. "ऐकलंत? पृथ्वीवर नाही असा वायू!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतली मासेवाली बाई तर उभीच राहिली.

"तसं नाही," अभियंता घाईने म्हणाला, "म्हणजे मी असा आकडा जन्मात पाहिलेला नाही. एरवी आम्ही चार कागद बघून ठरवतो. पण हे असलं काही असेल, तर आधी खोदूनच बघायला पाहिजे. सोमवारी यंत्रं पाठवतो."

सोमवारी! चिखलबाईंनी ब्रश सोडला. शुद्धलेखन ब्रशासकट दोन पावले मागे गेले. समोर सगळे गाव बसले होते, गावापुढे त्यांचा दीर उभा होता, आणि दिराच्या चेहऱ्यावर शाळेत पहिल्यांदाच बक्षीस मिळालेल्या मुलाचा आनंद होता. तो आनंद मोडायचा तर आत्ता, नाहीतर सोमवारपासून फक्त बरण्या कवटाळून बसायचे.

"उणे आहे!" त्या ओरडल्या.

टाळ्या थांबल्या. "वहिनी," अध्यक्ष हसत, ओठ न हलवता म्हणाले, "घरचं घरी बोलू."

"काय ते मोठ्यानं बोल, सूनबाई," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे नीट ऐकू येत नाही."

चिखलबाईंनी दिराच्या हातातून ध्वनिवर्धक घेतला. "आकडा उणे बहात्तर आहे. रेघ पुसली गेली. हा वायू खोलवरचा नाही, चिखलातल्या जिवाणूंचा आहे. चिखलाच्या वरच्या थरात थोरल्या जावेसारखे जिवाणू असतात. समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट त्यांच्या हातात, म्हणून स्वयंपाकघरही त्यांच्याच हातात. चांगलंचुंगलं सगळं त्या आधी संपवतात. हे सल्फेट जिथे संपतं, त्याच्याखाली बसतात धाकट्या. वरून जे उरलंसुरलं पोचेल त्यावर भागवतात आणि कुरकुर करत मिथेन सोडतात. धाकट्यांची ती कुरकुर म्हणजे आपले बुडबुडे. साठा नाही, काही नाही."

"थोरल्या असतातच तशा," मासेवाली मागून म्हणाली. तिच्या शेजारी बसलेल्या तिच्या थोरल्या जावेने तिच्याकडे पाहिले.

अभियंत्याने मोठा श्वास सोडला. "उणे बहात्तर? मग काय प्रश्नच नाही. अहो, याला आम्ही वायू म्हणत नाही. ही चिखलाची ढेकर आहे." त्याने हेल्मेट गाडीच्या मागच्या सीटवर टाकले, चहा घेतला, दोन बिस्किटे खाल्ली, एक खिशात घातले आणि गेला.

 चिखलातून एक बुडबुडा आला आणि फुटला. तो सगळ्यांनी ऐकला.

अध्यक्ष गावासमोर एकटे उभे होते. कोणीतरी फिसकन हसले. चिखलबाईंना एकदम वाईट वाटले. जागा वाचली होती, पण दीर असा भिजलेल्या भाषणासारखा उभा राहावा अशी त्यांची इच्छा नव्हती.

"वहिनी," अध्यक्षांनी ध्वनिवर्धकावर हात ठेवून हळूच विचारले, "खाडीपलीकडच्या गावाचा आकडा किती?"

"त्यांचा? उणे चौसष्ट. मागच्या वर्षी एका संशोधकांनी मोजला होता."

"म्हणजे आपण त्यांच्यापेक्षा..."

"आठानं खाली."

"खाली म्हणजे उणेपणात पुढे?"

"तसं म्हणता येईल. म्हणजे आपले जिवाणू कदाचित कार्बन उचलताना जास्त निवडक असतील. पण तेवढ्यावरून लगेच..."

"निवडक!" अध्यक्षांनी हात काढला. पडलेला चेहरा क्षणात ताठ झाला. "बंधूंनो आणि भगिनींनो! आज एका गोष्टीचा उलगडा झाला. आपल्या खाडीतले जिवाणू निवडक आहेत! पलीकडच्या गावात काय, वाट्टेल तो कार्बन चालतो. आपल्याकडे चालत नाही! उणे बहात्तर! त्यांनी आणून दाखवावा उणे बहात्तर!"

पलीकडच्या गावाचे नाव निघाले की या गावाला पुढचे ऐकावे लागत नसे. अभियंत्याला मिळाल्या होत्या त्याच्या दुप्पट टाळ्या पडल्या. मासेवाली आणि तिची जाऊ दोघी एकदम उभ्या राहिल्या.

"भाऊजी, हे तेवढं बरोबर नाही..." चिखलबाई म्हणू लागल्या, पण दंतवैद्याने त्यांचा पदर ओढला. "बस आता," तो म्हणाला. "जागा वाचली ना?"

*

जागा वाचली, ती अशी की विचारू नये.

पंधरा दिवसांत धक्क्याच्या टोकाभोवती लोखंडी कठडा उभा राहिला. 'संरक्षित निवडक चिखल. हात लावू नये,' अशी पाटी लागली, ऱ्हस्व-दीर्घासह निर्दोष. महिन्याची ओहोटी धरून चिखलबाई नळी घेऊन होडीत बसल्या, तर पहारेकऱ्याने त्यांनाच अडवले.

त्या तडक नगरपालिकेत गेल्या.

"नियम सगळ्यांना सारखा, वहिनी," अध्यक्ष अतिशय खेदाने म्हणाले. "अर्ज करा. कारणाच्या रकान्यात काय लिहिणार?"

"चिखल काढणे."

"काढणे!" अध्यक्ष दचकले. "संरक्षित चिखल काढणे? उद्या आकडा वर गेला म्हणजे? उणे सत्तर झाला, उणे पासष्ट झाला, पलीकडचे हसतील."

"माझ्या नळीनं नाही जात तो वर. गेला तर जिवाणूंमुळे जातो. वर येता येता मिथेन थोडा खाल्ला जातो, सल्फेट संपतं तिथे. ते खाणारेही हलकाच आधी खातात, मग मागे जड उरतो आणि आकडा चढतो."

हे त्या सवयीने बोलून गेल्या. अध्यक्षांचे डोळे बारीक झाले.

"म्हणजे आपल्याच खाडीत राहून, आपलाच हलका कार्बन खाऊन, कोणीतरी आपला आकडा बिघडवतंय?"

"बिघडवतंय असं नाही, पण..."

"किती खोलीवर?"

"असतील वितीभर-हातभर खाली."

"नावं द्या." अध्यक्षांनी कोपऱ्याकडे मान वळवली. "गुरुजी, नोटीस काढा. सदरहू खाडीतील हलका कार्बन विनापरवाना भक्षण करणाऱ्या सर्व संबंधितांस कळवण्यात येते की..."

शुद्धलेखनांची लेखणी आधीच चालू झाली होती. "एकवचन की बहुवचन?"

"बहुवचन," चिखलबाई म्हणाल्या. "पुष्कळ आहेत."

"आदरार्थी?"

"कायद्यापुढे सगळे सारखे," अध्यक्ष म्हणाले. नोटीस टाइप झाली, सही झाली, शिक्का बसला. आणि मग तिघांच्याही लक्षात आले की नोटीस काढणे वेगळे आणि ती हातभर चिखलाखाली बजावणे वेगळे. पहारेकऱ्याला पोहता येत नव्हते. बेलिफाने नकार कळवला.

चिखलबाईंनी दिराकडे पाहिले. दिराने चिखलबाईंकडे पाहिले. चिखलबाईंच्या चेहऱ्यावरची एकही रेषा हलली नाही.

"मी बजावते," त्या म्हणाल्या. "नळीतून. पण एकदा बजावून भागायचं नाही, भाऊजी. त्यांच्या पिढ्या फार लवकर बदलतात. दर महिन्याला द्यावी लागेल."

"दर महिन्याला?"

"त्याच जागी. जागा बदलली तर नोटीस रद्दबातल ठरेल."

अध्यक्षांनी विचार केला आणि कठड्याची किल्ली काढून दिली.

तेव्हापासून दर महिन्याच्या ओहोटीला चिखलबाई कागदाची गुंडाळी पिशवीत घालून अधिकृतपणे होडीत बसतात. कठडा उघडतात. पहारेकऱ्यासमोर नोटीस एकदा मोठ्याने वाचतात, नळी चिखलात सरळ दाबतात, भरली की वर ओढतात, आणि होडीतच दोन-दोन बोटांच्या चकत्या कापायला बसतात. नोटीस पिशवीतून परत घरी येते. कागद भिजवून चिखलाचा आकडा बिघडवण्याइतक्या त्या बेजबाबदार नाहीत. मग त्या पालिकेत जाऊन बजावणीची नोंदवही भरतात. तिच्यात शेवटचा रकाना आहे, 'संबंधितांचे म्हणणे'. तिथे त्या दर वेळी तेच लिहितात: "लेखी काही नाही. बुडबुडे आले."

शुद्धलेखन ते वाचतात, विरामचिन्हे तपासतात आणि फाइलला लावतात.